कमांडो पोचण्याआधी

26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्याचं एक दृश्य महाराष्ट्राच्या स्मरणात पक्कं बसलेलं आहे: नरिमन हाउसच्या गच्चीवर घिरट्या घालणारं हेलिकॉप्टर आणि त्यातून दोरावरून उतरणारे काळ्या पोशाखातले जवान. हे दृश्य 28 तारखेच्या सकाळचं. म्हणजे हल्ला सुरू होऊन तोवर दीड दिवस होत आला होता. लक्षात राहायला हवा होता तो त्याआधीचा काळ, पण त्यातल्या निर्णयांची ना चित्रफीत आहे ना छायाचित्र, कारण ते झाले दूरध्वनीवर, विमानतळावर आणि मंत्रालयांच्या खोल्यांत. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल, म्हणजे एनएसजी, याच्या चाळीस वर्षांच्या कारवाया एकापुढे एक ठेवून पाहिल्या की एक गोष्ट ठळकपणे दिसते. या दलाचे जवान कुठे कमी पडले म्हणून कारवाई फसली, असं जवळपास झालेलंच नाही. कारवाई फसली किंवा रखडली ती ते पोचण्याआधी, आणि जिथे ती गाजली तिथेही यशाचा मोठा वाटा ते पोचण्याआधीच कुणीतरी उचलला होता. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे. पण ते मान्य केलं, तर आपण कमांडोंकडे ज्या नजरेनं पाहतो ती बदलावी लागते आणि त्यांच्या शौर्याच्या कौतुकामागे कोण सुखरूप लपतं, हेही विचारावं लागतं.

दलाचा जन्मच एका अपयशाच्या हिशेबातून झाला. जून 1984 मध्ये सुवर्णमंदिरात झालेल्या ऑपरेशन ब्लू स्टारमध्ये लष्कराचे 83 जवान गेले. आत अडकलेल्या यात्रेकरूंसह शेकडो माणसं मेली. रणगाडे परिसरात शिरले, अकाल तख्ताची वास्तू उद्ध्वस्त झाली. त्या वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत देशानं त्याची जी किंमत मोजली ती सांगायची गरज नाही. शत्रूची फौज हरवण्यासाठी घडवलेलं सैन्य स्वतःच्याच नागरिकांनी भरलेल्या वास्तूत उतरवलं की काय होतं, हे त्यातून दिसलं होतं. पश्चिम जर्मनी बारा वर्षांपूर्वी याच वाटेनं गेला होता. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ओलीस ठेवलेले इस्रायली खेळाडू सोडवायला बव्हेरियाच्या पोलिसांनी पाच नेमबाज उभे केले होते. समोर अतिरेकी आठ होते. अकरा इस्रायली गेले, एक जर्मन पोलिसही गेला आणि त्यातूनच जीएसजी-9 हे दल उभं राहिलं. एनएसजीची घडण बरीचशी त्या धर्तीची. 1984 मध्ये दल सुरू झालं, 1986 मध्ये संसदेनं त्याचा कायदा केला. प्रत्यक्ष हल्ला चढवणारा स्पेशल ॲक्शन ग्रुप लष्करातून आलेल्या जवानांचा, त्याला आधार देणारा स्पेशल रेंजर ग्रुप केंद्रीय पोलीस दलांतून आलेल्यांचा, आणि महासंचालक भारतीय पोलीस सेवेतला. सगळे प्रतिनियुक्तीवर, काही वर्षं राहून आपापल्या दलात परत जाणारे. रचना चतुर आहे यात शंका नाही. तिचा एक परिणाम मात्र क्वचित बोलला जातो: हे दल कायमस्वरूपी कुणाचंच नाही. हलण्यासाठी त्याला राज्याची मागणी लागते, गृहमंत्रालयाचा होकार लागतो, विमान दुसऱ्याचं लागतं, आणि जिथे उतरायचं तिथली वाट, बस, नकाशा आणि घेराबंदी स्थानिक पोलिसांची लागते. म्हणजे धार एकाची आणि मूठ चौघांच्या हातात.

मूठ नीट धरली गेली तर काय होतं, याचं उत्तम उदाहरण सुवर्णमंदिरात दडलेल्या अतिरेक्यांविरुद्धचं मे 1988 चं ऑपरेशन ब्लॅक थंडर. त्याच्या दोन वर्षं आधी, 30 एप्रिल 1986 ला, हेच दल याच मंदिरात शिरलं होतं. आदेश मुख्यमंत्री सुरजितसिंग बर्नाला यांचा, राज्याचे पोलीसप्रमुख मुंबईचे माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो. कारवाई झटपट झाली, पण ज्यांना पकडायचं ते बहुतेक आधीच निसटलेले होते. हाती फार थोडं लागलं आणि राजकीय किंमत अशी की बर्नालांचा पक्षच फुटला. घाईनं शिरणं म्हणजे धडाडी नव्हे, हे 1986 नं सांगितलं आणि 1988 मध्ये ते ऐकलं गेलं. 9 मे 1988 ला मंदिराजवळ उभारली जात असलेली नवी तटबंदी पाहायला गेलेले पोलीस उपमहानिरीक्षक सरबदीपसिंग विर्क यांच्या जबड्यात गोळी घुसली. विर्क महाराष्ट्र केडरचे अधिकारी, पुढे आपल्या राज्याचे पोलीस महासंचालकही झाले. दुसऱ्याच दिवशी पंजाबचे पोलीसप्रमुख के. पी. एस. गिल यांनी सूत्रं हाती घेतली आणि मग दहा दिवस जे घडलं ते, चित्रपटाच्या हिशेबानं पाहिलं तर, कंटाळवाणंच होतं. घेराबंदी झाली, संचारबंदी लागली, पाणी आणि वीज तोडली गेली. आतल्या भाविकांना बाहेर यायला वाट दिली. आजूबाजूच्या उंच इमारतींवर एनएसजीचे नेमबाज बसले आणि आवारातली हालचाल त्यांनी अशक्य करून टाकली. मे महिन्यातलं अमृतसर, प्यायला पाणी नाही, मोकळ्या आवारात पाऊल टाकलं की गोळी. 15 मे रोजी दीडशेच्या आसपास लोक हात वर करून बाहेर आले. उरलेले हरमंदिर साहिबच्या गाभाऱ्यात घुसले आणि 18 तारखेला तेही शरण आले.

या यशाची वाटणी करायची झाली तर कुणाच्या पदरात किती टाकायचं? नेमबाजांचं कसब खरंच, आणि वेद मारवाह यांच्या नेतृत्वाखालच्या दलानं दाखवलेला संयमही. पण नेमबाजाला दहा दिवस मिळाले कारण दिल्लीतून कुणी 'आज रात्रीच संपवा' असा धोशा लावला नाही. निदान लावणाऱ्यांना थोपवणारी माणसं होती. आत काय चाललंय याची खबर गुप्तचरांकडून येत होती. पत्रकारांना हाकलून देण्याऐवजी लांबून पाहू दिलं गेलं, त्यामुळे गाभाऱ्याचा वापर कोण कसा करतंय हे पंजाबातल्या गावागावांत कळलं आणि ब्लू स्टारनंतर जशी संतापाची लाट उठली तशी या वेळी उठली नाही. हा शेवटचा निर्णय कोणत्याही कमांडोच्या बंदुकीइतकाच परिणामकारक ठरला. मंदिराची मोठी हानी झाली नाही. चार वर्षांपूर्वी त्याच वास्तूत त्याच प्रश्नाचं काय झालं होतं, ते डोळ्यांसमोर ठेवलं की फरक जवानांच्या शौर्यात होता असं कुणी म्हणू धजणार नाही. ब्लू स्टारमध्येही शौर्य भरपूर होतं. बिचाऱ्या जवानांनी संगमरवरी आवारात उघड्यावर गोळ्या झेलल्या. कमी होती ती माहिती, वेळ आणि या दोन्हींची किंमत समजणारी राजवट.

याहूनही स्वच्छ तुलना अमृतसरच्याच विमानतळावर मिळते. 24 एप्रिल 1993 ला इंडियन एअरलाइन्सचं श्रीनगरला निघालेलं विमान एका अपहरणकर्त्यानं वळवलं. पाकिस्ताननं लाहोरला उतरू दिलं नाही आणि विमान अमृतसरला आलं. दुपारचं विमान मध्यरात्रीनंतरपर्यंत तिथेच उभं ठेवण्यात आलं. स्थानिक अधिकारी त्या माणसाशी बोलत राहिले, त्याला गुंतवत राहिले, दरम्यान एनएसजी दिल्लीहून येऊन सज्ज झाली आणि रात्री एकच्या सुमाराला आत शिरून काही मिनिटांत काम संपलं. विमानातल्या 141 जणांपैकी कुणालाही इजा झाली नाही. आता साडेसहा वर्षं पुढे या. 24 डिसेंबर 1999, काठमांडूहून दिल्लीला येणारं आयसी-814. दुपारी पावणेपाचनंतर अपहरण झाल्याचं कळलं, सात वाजता विमान अमृतसरच्या त्याच धावपट्टीवर उतरलं आणि पाऊण तासाहून थोडा जास्त वेळ थांबून, पुरेसं इंधन न भरताच उडालं. एनएसजी पोचली नव्हती. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे: लाहोर, दुबई, कंदाहार, एका प्रवाशाचा खून, आठवडाभराची वाटाघाट आणि 31 डिसेंबरला तीन दहशतवाद्यांची सुटका. त्यांतल्या मसूद अझहरनं थोड्याच महिन्यांत जैश-ए-मोहम्मद स्थापन केली.

या तुलनेवर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. 1993 ला अपहरणकर्ता एकटा होता, 1999 ला पाच होते. त्यांनी प्रवाशांवर वार करायला सुरुवात केली होती, आणि भरल्या विमानात पाच जणांवर एकाच क्षणी ताबा मिळवणं हे फार वेगळं काम आहे. एनएसजी पोचली असती तरी हल्ला चढवावा की नाही यावर प्रामाणिक मतभेद झाले असते, चढवला असता तर कदाचित अनेक प्रवासी मेले असते. हे सगळं मान्य. पण 24 डिसेंबरला प्रश्न त्या निवडीपर्यंत पोचलाच नाही. हल्ला चढवायचा की बोलणी करायची, हा पर्याय ज्या पाऊण तासात हाती होता त्या पाऊण तासात दिल्लीतला संकट व्यवस्थापन गट, पंजाबचे पोलीस, विमानतळाचे अधिकारी आणि एनएसजी यांच्यापैकी विमान काहीही करून अडवण्याचा स्पष्ट आदेश कुणी द्यायचा, हेच ठरलं नाही. विमान अडवायला कमांडो लागत नाहीत. धावपट्टीवर आडवा घातलेला एक अवजड ट्रक पुरतो, आणि तो घालायला हवा हे कळणारा आणि घालण्याचं धाडस करणारा एक माणूस. अपहरण झाल्याचं कळल्यापासून विमान अमृतसरला उतरेपर्यंत दोन तास मिळाले होते. दिल्ली ते अमृतसर हवाई अंतर चारशे किलोमीटर. इतक्या वेळात दल हवेत का नव्हतं, हा प्रश्न जवानांना विचारण्यात अर्थ नाही. ते सांगितलं तिथे जातात.

'आधी मंजुरी, मग उड्डाण' ही आपली सरकारी सवय आहे आणि इथे ती घातक ठरली. युगांडात ओलीस ठेवलेले प्रवासी सोडवणाऱ्या इस्रायलच्या 1976 च्या एंटेबी कारवाईची आपल्याकडे पारायणं होतात, पण त्यातली नेमकी ही गोष्ट सांगितली जात नाही. इस्रायलचं मंत्रिमंडळ अजून चर्चा करत होतं तेव्हा चार हर्क्युलिस विमानं निघालेलीही होती. होकार मिळाला तर पुढे जायचं, नकार आला तर परत फिरायचं. निर्णय आणि प्रवास एकाच वेळी चालू होते. एंटेबीच्या बाकीच्या कहाणीतही बंदुकीचा वाटा शेवटच्या तासाभराचा आहे. जुन्या टर्मिनलच्या बांधकामात इस्रायली कंपनी होती, त्यामुळे वास्तूची माहिती घरातच होती. अपहरणकर्त्यांनी आधी सोडून दिलेल्या प्रवाशांकडून पहारा कसा आहे, ओलीस कुठे आहेत हे काढून घेतलं गेलं. परतीच्या वाटेवर केनियानं नैरोबीला इंधन भरू दिलं नसतं तर चार हजार किलोमीटरचा परतीचा प्रवास कसा झाला असता हे सांगता येत नाही. 106 ओलिसांपैकी 102 परत आले. हल्ला चढवणाऱ्या तुकडीचे प्रमुख योनातन नेतान्याहू आणि त्यांच्या माणसांचं धैर्य यानं उणं होत नाही. एवढंच, की त्या धैर्याला योग्य दारापर्यंत आणून सोडणारी एक मोठी यंत्रणा मागे होती.

ती यंत्रणा नसेल तर जगातलं उत्तमातलं उत्तम दलही दारापर्यंत पोचत नाही. एप्रिल 1980 मध्ये तेहरानच्या वकिलातीतले ओलीस सोडवायला अमेरिकेनं डेल्टा फोर्स पाठवली. कारवाईसाठी किमान सहा हेलिकॉप्टर्स लागणार होती, आठ निघाली. धुळीच्या वादळात आणि यांत्रिक बिघाडांत वाळवंटातल्या पहिल्या थांब्यावरच कामाची पाच उरली. मोहीम रद्द झाली. परतताना एक हेलिकॉप्टर मालवाहू विमानावर आदळलं आणि आठ जण गेले. चार्ल्स बेकविथ यांनी वर्षानुवर्षं घडवलेल्या डेल्टाच्या माणसांची इराणच्या पहारेकऱ्यांशी गाठच पडली नाही. पुढे जे झालं ते आपल्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचं. ॲडमिरल हॉलोवे यांच्या समितीनं चौकशी केली आणि अहवालाची खुली आवृत्ती त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. वेगवेगळ्या दलांची माणसं आणि यंत्रं आयत्या वेळी एकत्र आणली होती, पूर्ण मोहिमेची रंगीत तालीम एकत्र झालीच नव्हती, हे त्यात मांडलं गेलं. त्या टीकेतून अमेरिकेनं विशेष दलांसाठी हेलिकॉप्टरची वेगळी तुकडी उभारली आणि 1987 मध्ये स्वतंत्र विशेष कारवाई कमांड स्थापन झाली. फजितीनंतर त्यांनी नवे कमांडो शोधले नाहीत, कमांडोंना वाहून नेणारी आणि हुकूम देणारी रचना बदलली.

आता मुंबई. 26 नोव्हेंबरच्या रात्री साडेनऊच्या आसपास गोळीबार सुरू झाला. मुख्यमंत्री विलासराव देशमुख त्या वेळी केरळात होते. तिथून त्यांनी केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील यांच्याकडे एनएसजीची मागणी केली. दल दिल्लीजवळच्या मानेसरला, त्याला नेऊ शकणारं मोठं आयएल-76 विमान चंदीगडला. ते आलं, साहित्य चढलं, आणि सुमारे दोनशे जवान पहाटे साडेपाचच्या सुमाराला मुंबईत उतरले. विमानतळावरून दक्षिण मुंबईत जायला बेस्टच्या बसगाड्या. सकाळी ते प्रत्यक्ष इमारतींत शिरले तेव्हा हल्ला सुरू होऊन दहा तास उलटून गेले होते. इथून पुढची गोष्ट आपण नेहमी सांगतो, आणि ती सांगायलाच हवी. ताज हॉटेलच्या 1903 सालच्या जुन्या इमारतीत, जिचे जिने आणि मार्गिका त्यांच्यातल्या कुणी कधी पाहिले नव्हते, धुरात आणि अंधारात खोली खोली तपासत ही माणसं पुढे सरकली. नकाशे धड हाती नव्हते, वाट दाखवायला हॉटेलचे कर्मचारी होते. मेजर संदीप उन्नीकृष्णन तिथे गेले, नरिमन हाउसमध्ये हवालदार गजेंदरसिंग बिश्त गेले. 28 ला ओबेरॉय आणि नरिमन हाउस मोकळे झाले, 29 च्या सकाळी ताज. शेकडो पाहुणे जिवंत बाहेर आले. इमारत साफ करण्याचं, म्हणजे ज्या कामासाठी दल घडवलं होतं ते, त्यांनी चोख केलं.

तरीही त्या साठ तासांचा हिशेब मांडताना 166 मृतांपैकी बहुतेकांचे प्राण केव्हा गेले हे पाहावं लागतं. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पन्नासाहून अधिक माणसं मेली ती पहिल्या तासा-सव्वा तासात. लिओपोल्ड कॅफेतले बळी काही मिनिटांत गेले. पोलीस अधिकारी हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर कामा रुग्णालयालगतच्या गल्लीत मध्यरात्रीच्या सुमाराला गेले. यांपैकी कुणालाही मानेसरहून येणारं दल वाचवू शकत नव्हतं, ते तासाभरात निघालं असतं तरी. दलाच्या उशिरावर सगळा रोष काढणं म्हणूनच अपुरं आहे. खरा प्रश्न त्या पहिल्या तासात तिथे जे होते त्यांच्या हातात काय होतं, हा आहे. फलाटावरच्या शिपायाकडे जुनी थ्री-नॉट-थ्री किंवा नुसती काठी, अंगावर धड चिलखत नाही, आणि बिनतारी यंत्रणेवर एकाच वेळी दहा ठिकाणांहून आलेल्या परस्परविरोधी खबरा. ताजमध्ये उपायुक्त विश्वास नांगरे पाटील मूठभर माणसं घेऊन शिरले होते, पण मागून कुमक आली नाही. नौदलाचे मार्कोस मुंबईतलेच, तेही मध्यरात्रीनंतर आणि थोड्या संख्येनं आले. मानेसर हजार-बाराशे किलोमीटर दूर हे खरं, पण मार्कोसच्या बाबतीत तर अंतराचा बहाणाही चालत नाही. एका शहरातलं नौदल आणि पोलीस यांनी अशा रात्री एकमेकांना कसं बोलवायचं, कोण कुणाच्या हुकमाखाली येणार, हे आधी कागदावर तरी होतं का?

त्या तीन दिवसांत देशाच्या सर्वांत जास्त उपयोगी पडलेलं काम कोणत्याही विशेष दलानं केलेलं नाही. ते गिरगाव चौपाटीच्या नाक्यावर डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याच्या माणसांनी केलं. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी एके-47 ची नळी हातांनी धरून ठेवली, गोळ्या स्वतःच्या शरीरात घेतल्या आणि हल्लेखोर अजमल कसाब जिवंत हाती लागला. त्या एका पकडीमुळे कट कुठे शिजला हे जगापुढे पुराव्यानिशी मांडता आलं. ओंबळेंच्या धैर्याचं मोल कुणी करू नये, पण ज्या नाकाबंदीत ते उभे होते ती नाकाबंदी वेळेत लागली होती आणि गाडीचं वर्णन तिथपर्यंत पोचलं होतं, हेही विसरू नये. त्या रात्री यंत्रणेचा एक तरी धागा शाबूत होता, आणि तो सर्वांत साध्या पोलीस कामाचा होता.

दूरचित्रवाणीचाही एक भाग यात आहे. नरिमन हाउसच्या गच्चीवर उतरणारे जवान देश थेट पाहत होता, आणि कराचीत बसून हल्लेखोरांना फोनवर सूचना देणारेही. ऑगस्ट 2012 मध्ये कसाबची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयानं वाहिन्यांना याबद्दल कडक शब्दांत सुनावलं. न्यायालयाचा राग रास्त होता. पण 1988 ला अमृतसरमध्ये पत्रकार होते आणि त्यांचा उपयोग झाला, 2008 ला मुंबईत होते आणि अपाय झाला, याचं कारण एकट्या वाहिन्यांच्या हावरेपणात सापडणार नाही. कॅमेरा किती अंतरावर उभा राहील हे घेराबंदी करणारा ठरवतो. मुंबईत बाहेरचं कडंच नीट आखलेलं नव्हतं. बघ्यांची गर्दी इमारतींच्या तोंडाशी होती.

हल्ल्यानंतर सरकारनं जे केलं ते वाया गेलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. 2009 मध्ये मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि हैदराबाद इथे एनएसजीची केंद्रं झाली, पुढे गांधीनगरला. गरजेला खासगी विमान कंपनीचं विमान ताब्यात घेण्याचे अधिकार दलाला मिळाले. महाराष्ट्रानं फोर्स वन ही स्वतःची कमांडो तुकडी उभारली. इथे विरोधी मत मांडणारे म्हणतात: बघा, दुखणं अंतराचं होतं आणि त्यावर उपाय झाला, आता शिळ्या कढीला ऊत कशाला? याला उत्तर जानेवारी 2016 च्या पठाणकोट हवाई तळावरच्या हल्ल्यानं दिलं आहे. आदल्या 31 डिसेंबरच्या रात्री गुरदासपूरच्या एका पोलीस अधीक्षकाची गाडी हल्लेखोरांनी पळवली. सुटून आलेल्या त्या अधिकाऱ्याच्या सांगण्यावर त्याच्याच खात्यानं काही तास विश्वास ठेवला नाही. तरीही इशारा मिळाला, 1 जानेवारीला एनएसजी हवाई तळावर पोचली, हल्ल्याच्या आधी. मुंबईत नव्हता तो वेळ इथे हाती होता, दलही जागेवर होतं, आणि पठाणकोट म्हणजे लष्कराच्या छावणीचं गाव. एवढं असूनही कारवाई कित्येक दिवस रेंगाळली, सात सुरक्षा कर्मचारी गेले. त्यांतले पाच डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे, म्हणजे निवृत्तीनंतर पुन्हा पहाऱ्यावर घेतलेले जवान, आणि एक एनएसजीचे लेफ्टनंट कर्नल निरंजन, मेलेल्या हल्लेखोराजवळची स्फोटकं हाताळताना. हल्लेखोर नेमके किती, यावरच बराच काळ घोळ राहिला. तळावरची विमानं आणि तिथली कुटुंबं वाचली, हे श्रेय द्यायला हवं. मात्र तळाची भिंत आणि सीमेवरचं कुंपण कोणाच्या जबाबदारीवर ओलांडलं गेलं, खुल्या मैदानी तळावर शेजारचं लष्कर मोठ्या संख्येनं न वापरता इमारतींत लढण्यासाठी घडवलेलं दल पुढे का केलं, आणि एकूण सूत्रं कुणाच्या हाती होती, हे प्रश्न त्यानंतर संसदेच्या गृहविषयक स्थायी समितीनं आणि अनेक निवृत्त सेनाधिकाऱ्यांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारले. हल्ल्याचा आळ ज्या संघटनेवर आला ती जैश-ए-मोहम्मद, कंदाहारला सोडलेल्या माणसाची. अमृतसरच्या धावपट्टीवरच्या त्या पाऊण तासाचं बिल सोळा वर्षांनी, शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, पुन्हा एनएसजीपुढेच आलं.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे. माणसं जीव देतात आणि तुम्ही फायली चाळता, असा. तो करणाऱ्यांच्या भावनेबद्दल आदर ठेवूनही म्हणावंसं वाटतं की आपल्याकडे शौर्याचा गौरव आणि चौकशीची टाळाटाळ या गोष्टी फार वेळा हातात हात घालून येतात. पदक जवानाच्या छातीवर लागतं तेव्हा ज्याच्या टेबलावर मंजुरी दोन तास पडून होती त्याचं नाव कुणी काढत नाही, काढलं तर ते 'मनोधैर्य खच्ची करणं' ठरतं. 26/11 नंतर मोठे राजीनामे आले, त्यांत केंद्रीय गृहमंत्र्यांचा आणि मुख्यमंत्र्यांचाही. राजीनाम्यानं राजकीय जबाबदारी फिटते, पण कोणत्या टप्प्यावर किती वेळ का गेला हे त्यातून कळत नाही. राज्यानं नेमलेल्या राम प्रधान समितीनं पोलिसांच्या प्रतिसादाची तपासणी केली. राज्याच्या समितीचा हात राज्यापुरता पोचतो. दिल्लीतल्या मंत्रालयांना, गुप्तचर यंत्रणांना आणि एनएसजीच्या प्रवासाला तिच्या प्रश्नांची उत्तरं द्यायचं बंधन नव्हतं. म्हणजे ज्या साखळीच्या कड्या केंद्र आणि राज्य दोघांकडे होत्या तिची अर्धीच साखळी तपासली गेली.

गुप्ततेचा मुद्दा त्याच जातीचा. विशेष दलाच्या कारवायांची उघड चर्चा म्हणजे शत्रूच्या हाती कोलीत, असं सांगितलं जातं. शस्त्रं कोणती, खोलीत शिरताना कोण कुठे उभा राहतो, माहिती देणारा कोण, हे झाकलेलंच राहावं. पण विमान चंदीगडला होतं, बस बेस्टची होती आणि होकार किती वाजता आला, यांत शत्रूला उपयोगी पडेल असं काय आहे? या गोष्टी त्याला आपल्याआधी कळलेल्या असतात. हॉलोवे समितीनं हेलिकॉप्टरांच्या बिघाडापासून हुकमाच्या गोंधळापर्यंत सगळं लिहिलं, त्यानं डेल्टा फोर्स दुबळी झाली नाही.

आणि दल ज्यासाठी आहे त्यासाठीच वापरलं जातं का, हा तर अगदी उघड्यावरचा प्रश्न होता आणि तो सोडवायलाही आपण चार दशकं घेतली. अपहरण आणि दहशतवादी हल्ल्यांसाठी उभारलेल्या दलाचा मोठा भाग वर्षानुवर्षं नेत्यांच्या अंगरक्षणात अडकला. 'ब्लॅक कॅट' ही प्रतिष्ठेची खूण झाली आणि ती काढून घेतली की रुसवे-फुगवे होऊ लागले. स्पेशल रेंजर ग्रुपच्या ज्या माणसांनी हल्ला करणाऱ्या तुकड्यांना बळ द्यायचं ती माणसं सभांमध्ये व्यासपीठाच्या कडेला उभी राहिली. हे काम काढून घ्यावं असं तज्ज्ञ आणि दलातले माजी अधिकारी 26/11 च्या आधीपासून म्हणत होते. निर्णय झाला ऑक्टोबर 2024 मध्ये, जेव्हा उरलेल्या अतिमहत्त्वाच्या व्यक्तींची सुरक्षा केंद्रीय राखीव पोलीस दलाकडे सोपवण्याचा आदेश निघाला. त्यामुळे मोकळी झालेली माणसं मूळ कामाला परत मिळाली. ती एखाद्या रात्री पुन्हा लागतील तेव्हा राज्याची मागणी, केंद्राचा होकार आणि विमानाचं उड्डाण यांचा क्रम काय असेल, जागेवर पोचल्यावर पोलीस, नौदल, लष्कर आणि एनएसजी यांत हुकूम कुणाचा चालेल, आणि त्याची तालीम वर्षातून किती वेळा होते, हे तपासायचं काम विधिमंडळाचं आणि संसदेचं आहे. त्यासाठी कुठल्याही कमांडोचं नाव उघड करावं लागत नाही.